कन्या राशीच्या बाई

आकाशातला एकही ग्रह बुवांना ओळखून दाखवता आला नसता. गच्चीवर उभं करून कुणी विचारलं असतं, तर चंद्र त्यांनी बिनचूक सांगितला असता आणि बाकी सगळ्याला ‘विमान असेल’ म्हणून मोकळे झाले असते. तरीही एका बऱ्यापैकी खपाच्या दैनिकात बाराही राशींचं रोजचं भविष्य तेच लिहीत, आणि तेही ‘ज्योतिषमार्तंड’ या भारदस्त नावाने. खरे मार्तंड फार वर्षांपूर्वी आपला फोटो लहान छापला म्हणून रुसले आणि पुढच्या आठवड्याचं भविष्य खिशात घालून चालते झाले. संपादकांनी चौफेर नजर टाकली. त्या क्षणी मान वर करून बसलेला उपसंपादक एकच होता. ‘आजच्या दिवस काहीतरी खरडा,’ असं त्यांना सांगण्यात आलं. तो आजचा दिवस वीस-बावीस वर्षं चालला, आणि कचेरीत त्यांचं खरं नाव फक्त हजेरीपुस्तकाला आठवायचं. इतरांसाठी ते बुवा झाले.

काम मात्र बुवांनी इमानाने केलं. ‘दिवस संमिश्र’, ‘वरिष्ठांशी वाद टाळा’, ‘जुने मित्र भेटतील’ अशा वाक्यांचा त्यांच्यापाशी साठा होता आणि तो ते राशीराशींतून खेळवत. सोमवारी मेषेला भेटलेले जुने मित्र गुरुवारी मकरेच्या दारात उभे राहत. कुणाची तक्रार नव्हती. माणसाला रोज नवीन भविष्य लागत नाही, रोज ताजा कागद लागतो, हे बुवांना फार लवकर कळलं होतं.

अपवाद एका राशीचा. बुवांची बायको कन्या राशीची होती.

ती शाळेत गणित शिकवायची आणि गल्लीत, दुकानात, दवाखान्यात सगळीकडे तिला ‘बाई’च म्हणत. वर्गात उत्तर बरोबर येऊन भागायचं नाही, पायरी का लिहिली तेही सांगावं लागायचं. पण सकाळी चहाबरोबर पेपर उघडला की बाई आधी भविष्य वाचायच्या आणि त्याला कारण विचारायच्या नाहीत. त्यांचं म्हणणं असं, की दिवसभर मीच सगळ्यांना काय करायचं ते सांगते, पाच मिनिटं कुणीतरी मला सांगितलं तर बरं वाटतं. बुवांनी पहिल्यांदा भविष्य लिहिलं त्या सकाळी ते हे गुपित सांगणारच होते. तेवढ्यात बाई म्हणाल्या, ‘मार्तंड सुधारलेले दिसतात. आधी नुसतं घाबरवायचे.’ बायकोकडून आलेली अशी दाद बुवांच्या संसारात वर्षातून एखाददा यायची. ती परत करायला त्यांचं मन झालं नाही.

त्यातून बुवा घरात बोलणारे नव्हतेच. ‘हं’ हा एकच शब्द ते चार सुरांत म्हणत आणि त्यातून बायकोने होकार, नकार, भूक आणि नाराजी वेगवेगळी ओळखावी अशी त्यांची अपेक्षा असे. भविष्यातून मात्र ते भडाभडा बोलत. बाईंनी दिवाणखान्यात भिंतीएवढं कपाट आणायचं मनात घेतलं, की कन्येने अवजड खरेदी टाळावी असे योग येत. बाई दमलेल्या दिसल्या, की कन्येला विश्रांतीची गरज असे. घरात सलग तीन दिवस कारलं शिजलं तेव्हा कन्या राशीला कडू पदार्थ वर्ज्य झाले, आणि शहरातल्या एक-बारांश लोकांनी कारल्याकडे पाठ फिरवली. मंडईतला भाजीवाला पेपरच्या कचेरीत भांडायला आला होता. त्याला बुवांनीच समजावून परत पाठवलं आणि दुसऱ्या दिवशी तूळ राशीला कारलं हितकारक ठरवून त्याची भरपाई करून दिली.

सगळंच काही मतलबाचं नव्हतं. बाईंचे वडील गेले तेव्हा आठवडाभर त्या खिडकीशी बसून होत्या. बुवा दोनदा त्यांच्याजवळ जाऊन उभे राहिले आणि ‘हं’ म्हणून परत आले. मग त्यांनी कन्येत लिहिलं : ‘गेलेलं माणूस तुमच्या बोलण्याचालण्यात शिल्लक आहे. हातातलं काम पुन्हा सुरू करा.’ बाईंनी ते दोनदा वाचलं, पेपर घडी करून ठेवला आणि तपासायच्या वह्या काढल्या. दाराआडून हे पाहणाऱ्या बुवांना आपण खरोखरीच कुणीतरी मार्तंड असल्यासारखं वाटलं.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना मालकांचे जावई आले.

जावई परदेशात शिकलेले, अंगाने शेलाटे, आणि बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवणारे. त्यांनी आठवड्याभरात मुद्रितशोधकांचं लांबलचक मेज हलवलं आणि तिथे भिंतीवर मोठा पडदा लावला. कुठली बातमी या घडीला किती लोक वाचताहेत याचा आकडा त्यावर नाचायचा. माणसं बातमी लिहून पूर्वी चहाला जायची, आता पडद्याखाली उभी राहून आपल्या आकड्याला हळू आवाजात धीर द्यायची. अर्थसंकल्पाचा आकडा विहिरीत पडलेल्या मांजरीच्या निम्म्याने होता. आणि सगळ्यांत उंच आकडा होता भविष्याचा.

जावयांनी बुवांच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, ‘काका, तुम्ही सोन्यावर बसला आहात.’

बुवांनी नकळत खुर्चीकडे पाहिलं.

योजना अशी होती, की बारा भविष्यं छापण्याचे दिवस गेले. आता प्रत्येक वाचकाला त्याचं स्वतःचं भविष्य त्याच्या मोबाइलवर जाणार, आणि ते लिहिणार यंत्र. यंत्राला शिकवण्यासाठी बुवांची सगळी जुनी भविष्यं त्यात भरायची. बुवांना हुद्दा मिळणार होता ‘यंत्राचे मार्गदर्शक’. आयुष्यात कुणी आपलं लेखन एकदम सगळं मागितल्याचा बुवांचा हा पहिलाच प्रसंग. त्यांनी जुने अंक स्वतः धूळ झटकून काढून दिले, आणि दिवसभर शिंकत, पण ताठ मानेने घरी गेले.

घरी आल्यावर मात्र त्यांच्या लक्षात आलं, की उद्यापासून बाईंचं भविष्य दुसराच कुणीतरी लिहिणार.

यातून बुवांचा तो प्रकल्प निघाला. प्रकल्प तसा एवढासाच : बायकोच्या मोबाइलवर ते भविष्याचं ॲप आपणच घालून द्यायचं आणि माहिती भरताना तिच्या आवडीनिवडी अशा भरायच्या, की यंत्रानेही तिच्याशी जरा सांभाळून वागावं. सल्ल्याला शेजारचे बँकवाले होते. बँकेतून निवृत्त झाल्यापासून ते सगळ्या इमारतीला फुकट सल्ला देत आणि कुणी घेतला नाही तर तगादा लावत. त्यांनी सांगितलं, की ॲप जे जे मागेल ते ते द्यावं, अर्धवट माहिती दिली की अर्ज अडकतो, हा त्यांचा उभ्या आयुष्याचा अनुभव आहे. तेव्हा ॲपने बाईंचे फोटो पाहू का विचारलं, बुवा हो म्हणाले. त्या कुठे जातात ते पाहू का, हो. घरात चाललेलं बोलणं ऐकू का, यावर बुवा क्षणभर थांबले. मग आपल्या घरात बोलणं असतंच किती, असा विचार करून त्यालाही हो म्हणाले.

पहिले काही दिवस बरे गेले. मग यंत्राला कंठ फुटला.

एका सकाळी बाईंना भविष्य आलं : ‘निकटची व्यक्ती फिरायला जाते असं सांगून कोपऱ्यावरच्या दुकानात दोन चमचे साखरेचा चहा घेते. तिच्या आरोग्याकडे लक्ष द्या.’ बुवांची साखर डॉक्टरांनी बंद केली होती, आणि या चहाची कबुली त्यांनी बँकवाल्यांपाशी घरातच, बाईंचा मोबाइल शेजारी असताना दिली होती. बाईंनी साखरेचा डबा वरच्या फळीवर ठेवला. बुवांना आपल्याच दुकानातल्या नोकराने आपल्याला चोर म्हणून धरून द्यावं तसं झालं.

त्याच सुमारास जावयांनी भविष्य दुकानदारांना जोडून दिलं. आता ‘पायांची काळजी घ्या’ असं आलं, की खाली बुटांची जाहिरात असे. कुंभ राशीला घरात थंडावा वाढवण्याचे योग आले आणि बँकवाल्यांनी, घरातला फ्रिज उत्तम चालू असताना, दुसरा आणला. तो दारातून आत जाईना. मग जिन्यातच उभा राहिला. सगळी इमारत त्याला वळसा घालून जात होती आणि बँकवाले त्याच्या शेजारी स्टूल टाकून बसून, कुंभ राशीत यंदा जिन्याचा अडथळा होताच, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते.

खरा गोंधळ मात्र कन्येत झाला. वाचकांच्या तक्रारी बुवांकडेच येत, कारण मार्गदर्शक या हुद्द्याचा प्रत्यक्ष अर्थ तेवढाच निघाला होता. एक दणकट, अविवाहित ट्रकचालक कचेरीत येऊन उभा राहिला आणि मोबाइल पुढे करून म्हणाला, की हे काय आहे ते जरा समजावून सांगा. त्याला आलं होतं : ‘आज वर्गातली मुलं त्रास देतील. तुमचे पती मनाने चांगले आहेत, पण त्यांना बोलता येत नाही. समजून घ्या.’ पाठोपाठ कन्या राशीचे एक कसाई आले, त्यांना वह्या तपासताना डोळ्यांवर ताण देऊ नका असं सांगण्यात आलं होतं. यंत्राचं काही चुकलं नव्हतं. वीस वर्षांच्या कन्येवरून त्याने बरोबर ताडलं होतं, की कन्या नावाची ही एकच बाई आहे, ती शाळेत शिकवते आणि तिचा नवरा मुखदुर्बळ आहे.

बाईंच्या मोबाइलवरून ते ॲप काढून टाकायचं बुवांनी ठरवलं. ते निघेना. काढायला बाईंचा अंगठा लागत होता, आणि अंगठा का हवा हे बाईंना सांगण्याची त्यांची छाती नव्हती. तेव्हा त्यांनी मदत केंद्राला लिहिलं. मदत केंद्रातही तेच यंत्र बसलेलं होतं आणि तेही बुवांच्याच लेखनावर वाढलेलं. उत्तर आलं : ‘आज अर्ज करण्यास दिवस अनुकूल नाही. संयम ठेवा. शुभ रंग राखाडी.’ बुवांनी पुन्हा लिहिलं, की हे तातडीचं आहे. उत्तर आलं, की वरिष्ठांशी वाद टाळा. तिसऱ्यांदा त्यांनी जरा कडक शब्द वापरले, तेव्हा यंत्राने त्यांना जुने मित्र भेटतील असं कळवलं. बँकवाल्यांनी अर्ज तीन प्रतींत करून पाहण्याचा सल्ला दिला. जिन्याखालच्या शिंप्याचं मत पडलं, की मोबाइल पाण्याच्या बादलीत पडू शकतो, माणसाच्या हातून असं होतं. बुवा बादलीपर्यंत गेलेही होते. पण त्या मोबाइलमध्ये बाईंच्या वडिलांचे फोटो होते, म्हणून तसेच परत आले.

दोन दिवसांनी जावयांनी सगळ्यांना पडद्यासमोर बोलावलं. त्यांचा चेहरा फुलला होता. यंत्राने एक विलक्षण गोष्ट शोधून काढली आहे, असं म्हणून त्यांनी बारा राशींचे बारा रंगीत पट्टे पडद्यावर आणले. अकरा पट्टे एकसारखे होते, तीच वाक्यं फिरून फिरून येणारे. बारावा निराळाच होता. एकही वाक्य दुसऱ्यांदा आलेलं नाही. ‘इथे,’ जावई म्हणाले, ‘कुणीतरी वीस वर्षं एका माणसाशी बोलत होतं.’

सगळ्या माना बुवांकडे वळल्या. बुवांनी चष्मा पुसायला घेतला आणि पुसतच राहिले. आपलं अंतर्वस्त्र कुणी वाळत घालताना गच्चीवरून ध्वजासारखं फडकवावं, तशी त्यांची अवस्था झाली होती. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या.

जावयांना ते सगळं मनापासून आवडलं होतं. डोळे ओले झाले होते त्यांचे. त्यांनी बुवांच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, की काका, इतकी गोड गोष्ट छापलीच पाहिजे. बुवांनी हात जोडले. जावयांनी नाव छापणार नाही असा शब्द दिला आणि तो पाळलाही. रविवारी पहिल्या पानावर ‘यंत्राने उलगडलेलं प्रेम’ या मथळ्याखाली, बुवांचं नाव कुठेही न घालता, कन्येची निवडक भविष्यं तारखांसकट छापून आली.

बाईंना तारखा लक्षात राहत. गणिताच्या बाई त्या.

त्या सकाळी बुवा पेपर आधी उचलायला म्हणून लवकर उठले होते, पण बाई त्यांच्याही आधी उठून बसल्या होत्या. पेपर टेबलावर पसरलेला होता. चहा झाकून ठेवलेला होता. कपाट, कारलं, वडील, सगळं तिथे पांढऱ्यावर काळं होतं. कपाटाशी बाई किंचित हसल्यासारख्या वाटल्या. वडिलांच्या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही. बुवांना वाटलं, निभावलं.

मग बाईंचं बोट खाली आलं आणि एका ओळीवर थांबलं. ‘स्थानबदलाचा मोह टाळा. तुमचं घर हेच तुमचं बळ आहे.’ खाली तारीख होती.

बारा वर्षांपूर्वी बाईंच्या संस्थेने दुसऱ्या गावात नवी शाळा काढली होती आणि मुख्याध्यापिका म्हणून त्यांना विचारलं होतं. सोमवार ते शनिवार तिकडेच राहावं लागणार होतं. बाई दोन दिवस घरात काही न सुचल्यासारख्या वावरत होत्या. जावं का, असं त्यांनी बुवांना एकदा विचारलंही होतं, आणि बुवा म्हणाले होते, ‘हं.’ तिसऱ्या दिवशी बाईंनी नकार कळवला. त्यांच्या हाताखाली शिकवायला सुरुवात केलेली एक शिक्षिका तिकडे गेली आणि पुढे मोठी झाली. तिचा सत्कार झाला तेव्हा हार आणायचं काम बाईंकडे होतं.

‘हेही तुम्हीच?’ बाईंनी विचारलं.

चार सुरांपैकी कुठलाच सूर बुवांना सापडला नाही. त्यांनी नुसती मान डोलावली.

बाई भांडल्या नाहीत. त्यांनी पेपरची घडी घातली, अगदी कडेला कड जुळवून, आणि त्या आंघोळीला गेल्या. भांडल्या असत्या तर बुवांना बरं वाटलं असतं. पायरी का लिहिली हे त्या पोरांना विचारत, बुवांना मात्र त्यांनी विचारलं नाही.

कचेरीतून नाव फुटायला वेळ लागला नाही, आणि बाहेर या गोष्टीचं फार कौतुक झालं. पडद्यावरचा आकडा दोन दिवस मांजरीच्याही वर होता. गल्लीतल्या बायका आपापल्या नवऱ्यांना बुवांचं उदाहरण देऊ लागल्या आणि ते नवरे बुवांना पाहून रस्ता ओलांडू लागले. शिंप्याने शर्टाची शिलाई घेतली नाही. बँकवाले फ्रिजवरचा हात न काढता म्हणाले, की तुम्ही आमच्या कुंभेकडे थोडं लक्ष दिलं असतं तर हा जिन्यात नसता. बुवा सगळ्यांना ‘हं’ म्हणत घरी येत. घरात बाई पेपर शेवटच्या पानावरून वाचायला लागल्या होत्या. खेळाचं पान, मग जागतिक, मग शहर. पूर्वी जिथे भविष्य असायचं ते पान आलं, की तो कागद त्या एका हाताने सरळ उलटत.

बुवांनी तोंडाने बोलायचा प्रयत्न केला नाही असं नाही. रोज सकाळी ते घसा साफ करत. पण वीस वर्षं माणूस दुसऱ्याच्या नावाने बोलला की स्वतःच्या नावाने बोलताना वाक्य कुठून सुरू करायचं ते त्याला कळत नाही. ‘आज,’ असं म्हणून ते थांबत. बाई वाट पाहत. मग बुवा म्हणत, की आज ऊन आहे.

महिन्याभराने बाईंनी जेवताना सांगितलं, की त्या दुसऱ्या गावच्या शाळेत जागा रिकामी झाली आहे आणि त्यांनी होकार कळवला आहे. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. एवढ्यासाठी कुणी जात नाही, असं संस्थेतल्या लोकांनीही त्यांना सांगून पाहिलं होतं. त्यांनी बुवांना विचारलं नव्हतं, फक्त कळवलं होतं. बुवांनी वरणभात कालवला आणि तो तसाच कालवत राहिले.

सोमवारी बुवा त्यांना बसवर पोचवायला गेले. दोन बॅगा होत्या, दोन्ही त्यांनीच उचलल्या. बाई खिडकीशी बसल्या. बस सुटायला वेळ होता आणि तो वेळ कसा घालवायचा ते दोघांनाही कळत नव्हतं. बुवा खिडकीखाली उभे राहून बसच्या टायरकडे पाहत होते. शेवटी ते म्हणाले, की तब्येतीला जप, वेळेवर जेवत जा, नव्या माणसांवर एकदम विश्वास टाकू नकोस.

‘हे बाराही राशींना चालेल,’ बाई म्हणाल्या. ‘मला वेगळं काही सांगायचं असेल तर सांगा.’

ड्रायव्हर चढला. इंजिन सुरू झालं, खिडकीची काच थरथरायला लागली. बुवांनी दोन्ही हात काचेच्या कडेवर ठेवले.

‘तेव्हा,’ ते म्हणाले, आणि थांबले, आणि या वेळी ऊन आहे असं म्हणाले नाहीत. ‘तेव्हा मला भीती वाटली होती. घरात तू नसशील तर मी कसा राहीन, याची.’

बाईंचा चेहरा इतक्या दिवसांत पहिल्यांदा सैल झाला, आणि तेच बुवांना जास्त लागलं.

‘अहो, एवढं तोंडाने म्हणाला असतात,’ त्या म्हणाल्या, ‘तर मी आपणहूनच गेले नसते.’

बस हलली. बुवा तिच्याबरोबर चार पावलं चालले, काच हातातून सुटेपर्यंत. मग मागून दुसऱ्या बसने हॉर्न दिला, तेव्हा ते बाजूला झाले.